बंद दारातून मिळालेल्या तीन जागा: एक्सॉनमोबिल, २०२१

संचालक मंडळावर जागा कशी मिळते, असं कुणालाही विचारलं तर पहिलं उत्तर येतं, ‘ओळखीने’. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. म्हणूनच जिथे ओळख कामाला आली नाही, उलट ज्या कंपनीत जायचं ती कंपनीच विरोधात उभी होती, असं एक प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या एक्सॉनमोबिल या तेल कंपनीच्या संचालक मंडळाच्या २०२१ च्या निवडणुकीबद्दल त्या वेळी भरपूर लिहून आलं, पण जवळपास सगळं हवामानबदलाच्या अंगाने. एका चिमुकल्या फंडाने तेलसम्राटाला नमवलं, अशी ती गोष्ट सांगितली गेली. मला त्यात दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. चार जण बाहेरून उभे राहिले. तिघे निवडून आले, एक पडला. ज्यांना खुर्ची सोडावी लागली त्यांत आयबीएम आणि कॅटरपिलर या कंपन्यांचे माजी प्रमुख होते. कोण आलं, कोण पडलं आणि कशामुळे, हे जवळून पाहिलं की संचालक होऊ इच्छिणाऱ्या माणसाला पुष्कळ काही हाती लागतं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: जागा माणसाच्या मोठेपणाला मिळत नाही, मंडळात असलेल्या उणिवेला मिळते. ती उणीव कोणती आणि ती भरून काढणारा मीच का, हे मत देणाऱ्यांना त्यांच्या पैशांच्या हिशोबात पटवून द्यावं लागतं.

कंपनी कुठे उभी होती

२०१० च्या दशकाच्या सुरुवातीला जगातली सर्वांत मौल्यवान नोंदणीकृत कंपनी कोणती, या शर्यतीत ॲपल आणि एक्सॉन आलटून पालटून पुढे असत. दशक संपेपर्यंत चित्र पार पालटलं. १९२८ पासून डाऊ जोन्स निर्देशांकात असलेली ही कंपनी ऑगस्ट २०२० मध्ये तिथून बाहेर पडली. त्या वर्षी तिला २२.४ अब्ज डॉलरचा तोटा झाला. महामारीने तेलाची मागणी कोसळली हे खरं, पण सगळं खापर महामारीवर फोडता येत नव्हतं. २०१० मध्ये एक्सॉनने एक्सटीओ एनर्जी ही नैसर्गिक वायूची कंपनी कर्ज धरून सुमारे ४१ अब्ज डॉलरला घेतली होती. २०२० च्या अखेरीला प्रामुख्याने वायूच्या साठ्यांचं मूल्य सुमारे १९ अब्ज डॉलरनी कमी करून दाखवायची पाळी आली. पैसा कुठे घालायचा, हा निर्णयच वर्षानुवर्षं चुकत होता, असं म्हणायला टीकाकारांना भक्कम आधार मिळाला.

आता मंडळाकडे बघा. मर्क, झेरॉक्स, आयबीएम, कॅटरपिलर, मेटलाइफ अशा कंपन्या चालवलेली माणसं तिथे बसलेली होती. प्रत्येकाची कारकीर्द झळाळती होती. पण मुख्य कार्यकारी अधिकारी डॅरेन वूड्स सोडले तर तेल आणि वायूच्या धंद्यात हयात घालवलेला कुणी त्या मंडळावर नव्हता. वूड्स यांनी एखादा अब्जावधी डॉलरचा प्रकल्प मांडला, तर ‘हे गणित जुळत नाही’ असं धंद्याच्या भाषेत सांगणारा माणूस टेबलाभोवती नव्हता. बाहेरच्या कुणालाही वाचता येईल अशा कागदपत्रांत ही उणीव अनेक वर्षं दिसत होती. तिच्यावर नेमकं बोट ठेवलं ते ‘इंजिन नंबर वन’ या फंडाने.

हा फंड सॅन फ्रान्सिस्कोतल्या ख्रिस जेम्स यांनी २०२० मध्येच सुरू केलेला, आणि मोहिमेची सूत्रं चार्ली पेनर यांच्या हाती. एक्सॉनमधला त्यांचा हिस्सा जेमतेम ०.०२ टक्के, किंमत सुमारे ४ कोटी डॉलर. एवढ्या शेअरांच्या बळावर बारा जणांच्या मंडळातली एकही खुर्ची हलली नसती. ७ डिसेंबर २०२० रोजी त्यांनी मंडळाला पत्र पाठवलं. त्यात हवामान होतं, पण मांडणीचा कणा पैशाचा होता: दीर्घ काळ भागधारकांना मिळालेला परतावा, भांडवल घालण्यातली बेशिस्त, ऊर्जाक्षेत्रातल्या अनुभवाची वानवा आणि पुढच्या बदलांसाठी योजनेचा अभाव. कॅलिफोर्नियातल्या शिक्षकांचा निवृत्तिवेतन फंड, कॅलस्टर्स, सुरुवातीपासून त्यांच्या बाजूने होता. हा पाठिंबा फार मोलाचा ठरला असं मला वाटतं. नव्या फंडाला कुणी ओळखत नव्हतं. निवृत्त शिक्षकांचा पैसा सांभाळणारी संस्था सोबत आल्यावर मात्र ‘ही कुणा सटोडियाची खेळी’ म्हणून हात झटकणं कंपनीला जड गेलं.

चौघे कोण होते

जानेवारी २०२१ च्या शेवटी फंडाने चार नावं रीतसर दाखल केली. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण प्रकरणाचा गाभा या निवडीत आहे.

ग्रेगरी गॉफ. जवळपास तीस वर्षं कोनोकोफिलिप्स आणि तिच्या पूर्वसुरी कंपन्यांमध्ये काढली. २०१० मध्ये टेसोरो या तेलशुद्धीकरण कंपनीचे प्रमुख झाले. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसजवळचा कार्सन इथला शुद्धीकरण कारखाना बीपीकडून घेतला, कंपनीचं पुढे अँडेव्हर असं नामकरण झालं, आणि २०१८ मध्ये मॅरेथॉन पेट्रोलियमने ती सुमारे २३ अब्ज डॉलरला विकत घेतली. गॉफ पर्यावरणवादी नव्हते, आयुष्यभर तेलच विकत आले होते. हेच त्यांचं बलस्थान ठरलं. ‘या लोकांना तेलाचा धंदा बंद पाडायचाय’ हा आरोप त्यांच्यासमोर टिकतच नव्हता.

कायसा हिएताला. फिनलंडच्या, शिक्षणाने भूभौतिकशास्त्रज्ञ. नेस्ते या तेलशुद्धीकरण कंपनीत २०१४ ते २०१९ या काळात नवीकरणीय इंधनांचा विभाग त्यांच्याकडे होता. नेस्तेने त्याआधी सिंगापूर आणि रॉटरडॅममध्ये प्रचंड पैसा ओतून कारखाने उभारले होते आणि बाजाराला त्याबद्दल शंका होत्या. हिएताला यांच्या काळात हाच विभाग कंपनीच्या नफ्याचा मोठा हिस्सा कमावू लागला. म्हणजे जुन्या इंधनाच्या कंपनीने नव्या इंधनात जाऊन पैसे कसे मिळवले, हे त्यांनी आतून करून पाहिलेलं होतं. शिवाय एक्सॉनआधी त्यांनी युरोपातल्या कंपन्यांच्या मंडळांवर काम केलेलं होतं. मंडळाच्या कामाची सवय होती.

अलेक्झांडर कार्सनर. २००६ ते २००८ या काळात अमेरिकेच्या ऊर्जा खात्यात सहायक मंत्री, तेही रिपब्लिकन राजवटीत. नंतर अल्फाबेटच्या ‘एक्स’ या प्रयोगशाळेत. अप्लाइड मटेरियल्सच्या मंडळावर २००८ पासून. सरकारी धोरण, तंत्रज्ञान आणि मोठ्या कंपनीचं मंडळ, तिन्ही बाजू त्यांनी पाहिल्या होत्या.

अँडर्स रुनेव्हाड. व्हेस्टास या डॅनिश पवनचक्की कंपनीचे २०१३ ते २०१९ या काळात प्रमुख. अडचणीतली कंपनी हाती घेऊन त्यांनी ती सावरली. चौघांमध्ये जागतिक दर्जाची मोठी कंपनी ऐन संकटातून बाहेर काढण्याचा असा अनुभव असलेला माणूस विरळाच.

नुसती पत्रकं पाहिली असती तर रुनेव्हाड यांचं पारडं हिएताला यांच्यापेक्षा जड दिसलं असतं. ते एका जगप्रसिद्ध कंपनीचे प्रमुख राहिलेले. हिएताला प्रमुखपदाच्या एक पायरी खाली. निकाल मात्र उलटा लागला. त्याकडे परत येतो.

कंपनीची प्रत्युत्तरं

एक्सॉनच्या मंडळाने या चौघांना आपल्या निकषांत न बसणारे ठरवलं. फंडाची तक्रार अशी होती की उमेदवारांशी कंपनीने धड बोलणंही केलं नाही. मोठ्या कंपन्यांच्या नामनिर्देशन समित्या हे नेहमी करतात आणि ते मला फार महाग पडणारं धोरण वाटतं. समोरच्याची मुलाखत घेऊन ‘आम्ही पाहिलं, पटलं नाही’ म्हणता येतं. न भेटताच नाकारलं की मतदारांना वाटतं, यांना भीती कसली आहे?

तोंडाने नाही म्हणत असतानाच कंपनी हाताने मात्र फंडाचं म्हणणं मान्य करत चालली होती. फेब्रुवारीत मलेशियाच्या पेट्रोनासचे माजी प्रमुख वान झुल्किफ्ली यांना मंडळावर घेतलं. मार्चमध्ये गुंतवणूक क्षेत्रातले मायकेल अँजेलाकिस आणि जेफ्री उबेन आले. कमी कार्बनच्या तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभाग काढून २०२५ पर्यंत ३ अब्ज डॉलर घालण्याची घोषणा झाली. ज्या वार्षिक सभेत भागधारक मतदान करणार होते तिच्या दोन दिवस आधी, २४ मे रोजी, कंपनीने सांगितलं की वर्षभरात आणखी दोन संचालक घेऊ, एक ऊर्जा उद्योगातला आणि एक हवामानाचा जाणकार. ज्या दिवशी हे जाहीर झालं त्या दिवशी वादाचा निम्मा भाग संपला. उणीव आहे हे कंपनीनेच कबूल केलं. आता प्रश्न एवढाच उरला की ती भरून काढण्यासाठी वर्षभर थांबायचं कशाला, जर माणसं समोर उभी आहेत?

मतं कुणाच्या हातात होती

संचालक व्हायची इच्छा असलेल्या बहुतेकांना आपला खरा मतदार कोण हे माहीतच नसतं. ते अध्यक्षाला किंवा मुख्य अधिकाऱ्याला खूश करायला जातात. एक्सॉनमध्ये ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड आणि स्टेट स्ट्रीट या तीन फंड कंपन्यांकडे मिळून सुमारे पाचवा हिस्सा शेअर होते. शिवाय आयएसएस आणि ग्लास लुईस या दोन सल्लागार संस्था, ज्यांचे अहवाल वाचून अनेक फंड आपलं मत ठरवतात. आयएसएसने गॉफ, हिएताला आणि कार्सनर यांची शिफारस केली. ग्लास लुईसने गॉफ आणि हिएताला यांची. ब्लॅकरॉकने तिघांना मत दिलं, व्हॅनगार्डने दोघांना. रुनेव्हाड यांच्या पाठीशी या चार संस्थांपैकी कुणीच उभं राहिलं नाही.

आता कागदाची गंमत पाहा, कारण तिच्यावर निकाल बराच अवलंबून होता. जागा बारा, उमेदवार सोळा, सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले बारा निवडून येणार. त्या काळात दोन वेगवेगळ्या मतपत्रिका निघत: कंपनीची निळी, फंडाची पांढरी. एक भरली की दुसरी बाद. निळीवर फंडाच्या चौघांची नावं नव्हती. पांढरीवर फंडाचे चार आणि कंपनीचे आठ असे उमेदवार होते. आयबीएमवाले पाल्मिसानो, कॅटरपिलरवाले ओबरहेल्मन, झुल्किफ्ली आणि कँडारियन हे कंपनीचे चौघे तिच्यावर नव्हते. म्हणजे ज्याला फंडाचे दोन आणि कंपनीचे दहा हवे होते, त्याच्यासाठी सोयीचा कागदच नव्हता. ज्यांची नावं पांढऱ्या कागदावरून वगळली गेली ते मोठ्या मतांना मुकले. चौघांपैकी तिघे पडले, मेटलाइफचे माजी प्रमुख कँडारियन तेवढे वाचले.

२६ मे च्या ऑनलाइन सभेत कंपनीने मध्येच तासाभराची विश्रांती घेतली. भागधारकाला मतदान बंद होईपर्यंत मत बदलता येतं आणि शेवटी दिलेली मतपत्रिका ग्राह्य धरली जाते, त्यामुळे त्या तासाला अर्थ होता. फंडाच्या लोकांनी त्यावर उघड नाराजी दाखवली. सभा पुन्हा सुरू झाली तेव्हा गॉफ आणि हिएताला निवडून आल्याचं स्पष्ट झालं. कार्सनर यांचं नाव मोजणी पुढे सरकल्यावर, २ जूनला, पक्कं झालं.

निकाल वाचताना

सॅम्युअल पाल्मिसानो यांनी आयबीएम चालवली होती. डग्लस ओबरहेल्मन यांनी कॅटरपिलर. या दोघांच्या कर्तबगारीवर कुणीही बोट ठेवलं नाही. प्रश्न वेगळाच विचारला गेला: एक्सॉनचा पैसा बुडत होता त्या वर्षांत ही कर्तबगारी कंपनीच्या कोणत्या निर्णयात दिसली? ज्याच्याकडे याचं उत्तर नसतं त्याचं नाव कितीही मोठं असलं तरी तो असुरक्षित असतो. नव्या उमेदवाराने हे उलट बाजूने लक्षात घ्यायचं. मंडळावर आधीच बसलेला मोठा माणूस अजिंक्य नसतो. त्याच्या कारकिर्दीशी बरोबरी साधायची गरज नसते, त्याच्याकडे नसलेलं एखादं कौशल्य आणायचं असतं.

झुल्किफ्ली यांची गोष्ट मला सर्वांत चटका लावणारी वाटते. तेलाचा खरा अनुभव असलेला हा माणूस कंपनीनेच आणला, आणि काही महिन्यांत त्याची खुर्ची गेली. त्यांच्यात उणीव होती असं म्हणता येत नाही. ते आले ती वेळ चुकीची होती. मोहीम सुरू झाल्यावर घाईने नेमलेला माणूस मतदारांना कंपनीने पुढे केलेल्या ढालीसारखा दिसतो. कुणी तुम्हाला अशा धामधुमीत बोलावलं तर ‘आत्ताच का?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नका, असं मी आवर्जून सांगेन.

रुनेव्हाड यांच्याबद्दलचं माझं वाचन असं. पवनऊर्जा हा उत्तम धंदा आहे, पण एक्सॉन त्यात उतरत नव्हती. कार्बन साठवणं, द्रव इंधनं, रसायनं या बाजूंना कंपनी वळू पाहत होती. हिएताला यांचा अनुभव शुद्धीकरण कारखान्याच्या नळ्यांमधून जाणारा होता. एक्सॉनच्या अभियंत्याशी त्या पहिल्याच बैठकीत कच्च्या मालाच्या दरावर वाद घालू शकल्या असत्या. कार्सनर यांच्याकडे धोरण आणि तंत्रज्ञान होतं. या दोघांनंतर ऊर्जाबदलाच्या नावाखाली तिसरा माणूस कशासाठी, याचं खास उत्तर रुनेव्हाड यांच्या पत्रकात सापडत नव्हतं. उमेदवार म्हणून ते कमी नव्हते. त्यांच्या आकाराची रिकामी जागा त्या मंडळात नव्हती. दुसऱ्या एखाद्या कंपनीत हाच माणूस पहिल्या क्रमांकाने निवडून आला असता.

तुमच्या पाठीशी फंड नसेल तर

साहजिकच बहुतेकांच्या मागे कुणी फंड उभा राहत नाही. तरी या प्रकरणात फंडाने जे काम केलं त्याचा मोठा भाग एकटा माणूस करू शकतो. अमेरिकेतल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीचं सभेपूर्वीचं निवेदन एडगर या सरकारी संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतं. २०१० पासून त्यात प्रत्येक संचालकाबद्दल लिहावं लागतं की कोणता अनुभव, कोणती पात्रता, कोणतं कौशल्य पाहून त्याला घेतलं. हे परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून वाचले की मंडळाची भोकं उघडी पडतात. पाच जणांपुढे ‘धोरण’ आणि ‘नेतृत्व’ लिहिलेलं असतं आणि कंपनी ज्या धंद्यातून नफा कमावते त्या धंद्यापुढे एकही नाव नसतं. वयं दिलेली असतात. अनेक कंपन्यांत संचालकाच्या निवृत्तीचं वय ७२ किंवा ७५ ठरलेलं असतं, म्हणजे पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणती खुर्ची रिकामी होणार हे आजच कळतं. त्या खुर्चीबरोबर कोणतं कौशल्य जाणार, हेही. लेखापरीक्षण समितीतला आर्थिक जाणकार निवृत्त होत असेल, तर समितीला तसाच माणूस शोधावा लागणार. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने असा जाणकार आहे की नाही हे कंपनीला जाहीर करावं लागतं.

मग स्वतःकडे. परिचयपत्रात ‘अठ्ठावीस वर्षांचा समृद्ध अनुभव, परिवर्तनाची दृष्टी, संघभावना’ असं लिहिलेलं असतं तेव्हा नामनिर्देशन समितीला त्यातून काहीच कळत नाही. तोच माणूस जर असं लिहील: ‘तोट्यातला रसायन विभाग चार वर्षं सांभाळला, दोन प्रकल्प मंजुरीनंतर थांबवले, वाचलेलं भांडवल तिसऱ्यात घातलं, विभाग नफ्यात आणून सोडला’, तर समितीतला माणूस पेन्सिलीने खूण करतो. गॉफ यांची मांडणी नेमकी अशी होती. किती वर्षं काम केलं यापेक्षा भांडवलाचं काय केलं, यावर भर. मंडळात बसून शेवटी हेच करायचं असतं: दुसऱ्यांनी मांडलेल्या खर्चाला हो किंवा नाही म्हणायचं.

काही अडथळे कागदावरच असतात आणि ते आधीच तपासावेत. न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या नियमांप्रमाणे स्वतंत्र संचालक व्हायचं तर गेल्या तीन वर्षांत तुम्ही त्या कंपनीत नोकरीला नसावं, आणि त्या काळातल्या कोणत्याही बारा महिन्यांत संचालकाच्या मानधनाखेरीज १ लाख २० हजार डॉलरपेक्षा जास्त थेट मोबदला घेतलेला नसावा. सल्लागार म्हणून कंपनीत शिरून पुढे मंडळावर जाऊ, असा बेत करणारे इथे अडकतात. १९१४ चा क्लेटन कायदा एकाच माणसाला दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मंडळांवर बसू देत नाही. चालू नोकरीतल्या कंपनीची लेखी परवानगी लागते ती वेगळीच. गेल्या पाच वर्षांतली सगळी संचालकपदं आणि दहा वर्षांतल्या ठरावीक प्रकारच्या कोर्टकज्ज्यांची माहिती जाहीर करावी लागते. लपवलेली गोष्ट विरोधी बाजू हमखास शोधून काढते. ज्यांच्याकडे पाचपेक्षा जास्त मंडळं आहेत त्यांच्याविरुद्ध आयएसएस सहसा मत द्यायला सांगते.

पहिलं मंडळ एक्सॉनएवढं नसतं, हे सांगायला हवं. हिएताला आणि कार्सनर दोघेही आधी दुसऱ्या मंडळांवर बसून आले होते. खासगी कंपनी, सहकारी संस्था, रुग्णालयाचं विश्वस्त मंडळ, जिथे खरोखर ताळेबंदावर सही करावी लागते आणि अध्यक्षाशी मतभेद नोंदवावा लागतो, ती जागा पहिली. नुसतं मानाचं पद असेल तर त्याचा उपयोग होत नाही, कारण समितीचे लोक जुन्या सहकाऱ्यांना फोन करून विचारतात की बैठकीत हा माणूस काय बोलायचा. त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याऐवजी दुसरा कुणीतरी देणार आहे, म्हणून आजच्या बैठकीत काय बोलता त्याला महत्त्व आहे.

जागा मिळाल्यावर

२०२२ च्या सभेत गॉफ, हिएताला आणि कार्सनर यांची नावं कंपनीच्याच यादीत होती. वर्षापूर्वी ज्यांना अपात्र ठरवलं त्यांच्यासाठी मंडळ आता स्वतः मतं मागत होतं. यावरून मला एवढं दिसतं की तिघांनी आत जाऊन युद्धछावणी उभी केली नाही.

काहींना हे निराशाजनक वाटलं. एक्सॉन हरित कंपनी झाली नाही. तेलाचे भाव चढले, २०२२ मध्ये तिने ५५.७ अब्ज डॉलरचा विक्रमी नफा कमावला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पायोनियर ही तेल कंपनी सुमारे ६० अब्ज डॉलरच्या शेअरांच्या बदल्यात घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षी कार्बन वाहून नेणाऱ्या वाहिन्यांसाठी डेनबरी ही कंपनीही घेतली. ज्यांनी तिघांना पर्यावरणाचे सैनिक समजून मत दिलं होतं त्यांचा अपेक्षाभंग झाला असेल. पण बारांतला एक संचालक एकट्याने कंपनी वळवत नाही, आणि निवडून आल्यावर त्याची बांधिलकी ज्याने उभं केलं त्याच्याशी राहत नाही, सगळ्या भागधारकांशी असते. उमेदवाराला ही गोष्ट आधीच पटलेली नसेल तर त्याने उभं राहू नये, असं माझं ठाम मत आहे.

एक्सॉनच्या निवडणुकीनंतर सहा महिन्यांच्या आत, नोव्हेंबर २०२१ मध्ये, अमेरिकेच्या रोखे नियामकाने दोन रंगांच्या कागदांची पद्धत मोडीत काढणारा नियम मंजूर केला. ३१ ऑगस्ट २०२२ नंतरच्या सभांमध्ये वाद असेल तर दोन्ही बाजूंची सगळी नावं प्रत्येक मतपत्रिकेवर असतात आणि भागधारक हवे ते निवडतो. बाहेरून उमेदवार उभे करणाऱ्याला किमान ६७ टक्के मताधिकार असलेल्या भागधारकांपर्यंत पोचावं लागतं. उमेदवाराच्या दृष्टीने फरक मोठा आहे. पूर्वी गटाच्या लाटेवर एखादा कच्चा माणूसही तरून जायचा, आणि पक्का माणूस गटाबरोबर बुडायचा. आता तुमचा एक परिच्छेद मंडळातल्या सर्वांत दुबळ्या संचालकाच्या एका परिच्छेदाशेजारी ठेवून वाचला जातो. बहुतेक कंपन्यांत नावं द्यायची मुदत आदल्या वर्षीच्या सभेला वर्ष पूर्ण होण्याच्या १२० ते ९० दिवस आधीची असते. म्हणजे मे महिन्यातल्या सभेसाठी जानेवारी-फेब्रुवारीत कागद पोचले पाहिजेत, आणि त्या परिच्छेदावरचं काम त्याच्या आदल्या वर्षीचं निवेदन प्रसिद्ध होईल त्या आठवड्यात सुरू केलं तरच वेळ पुरतो.